खांद्यावरचं छप्पर

दसरा सरला की नवापूरच्या बाजारात ताडपत्रीचे दिवस येतात. भाताच्या खळ्यासाठी आणि गळक्या कौलांसाठी पावसाळ्यात ज्या घड्या विकल्या गेल्या, त्यांच्या जागी नवा माल येतो. दुकानाच्या पायरीवर निळ्या, काळ्या, पिवळ्या घड्या रचलेल्या असतात. शेजारी नायलॉनची दोरी, जर्मनची पातेली, बॅटऱ्या, पाण्याचे डबे, कोयते. गिऱ्हाईक बहुधा जोडीनं येतं. नवरा-बायको आणि कडेवर एखादं लेकरू. बाई घडीचा कोपरा उलगडते, दोन बोटांत चोळते, मग कापड उन्हासमोर धरून पाहते. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले की ती घडी परत पायरीवर जाते. "शेठ, होळीपर्यंत टिकंल ना?" एवढंच विचारायचं असतं. "ताई, ही घ्या. थोडी महाग पडेल, पण पुढच्या वर्षीही चालेल," असं म्हणत शेठ खालची घडी वर काढतो.

मुक्कामाचं सामान कुठं मिळतं, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हीच पायरी दाखवीन. तंबू, पथारी, चूल, दिवा, पाण्याचं भांडं ही शहरी सहलीची यादी आणि इथली यादी एकच आहे. शहरातला माणूस दोन रात्रींसाठी घेतो, इथली माणसं पाच-सहा महिन्यांसाठी घेतात. नवापूर, साक्री, डांग या पट्ट्यातून दर हिवाळ्याला हजारो कुटुंबं दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात उतरतात. बारडोली, मढी, चलथाण इथल्या साखर कारखान्यांच्या शिवारात तोडणी करतात आणि शेताच्या कडेला, कालव्याच्या बांधावर, रस्त्यालगत राहतात. त्या वस्तीला पडाव म्हणतात. दोघांच्या जोडीला म्हणतात एक कोयता. नवापूर तालुक्यातच डोकाऱ्याला आदिवासी सहकारी साखर कारखाना आहे, तरी सुरतेकडची वाट मोडलेली नाही.

ही वाट कारखान्यांहून फार जुनी. सतराव्या शतकात सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरकडे जाणारा मोठा रस्ता बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार असाच जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये या रस्त्यानं गेला आणि नवापुराबद्दल त्यानं आवर्जून लिहिलं. गाव मोठं आहे, विणकरांनी भरलेलं आहे, पण मुख्य व्यापार तांदळाचा. इथला दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्म्यानं लहान, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास देणारा. नवापूरच्या माणसानं अभिमानानं लक्षात ठेवावं असं हे वर्णन आहे. त्याआधी १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला. १६३०च्या भीषण दुष्काळात पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस याच मार्गानं निघाला आणि रस्ताभर पडलेल्या प्रेतांची नोंद त्यानं करून ठेवली.

या रस्त्यानं सर्वांत मोठं छप्पर नेलं ते मोगलांनी. 'आईन-ए-अकबरी'त बादशाही डेऱ्याचा हिशेब दिलेला आहे. एका मुक्कामाच्या सामानाला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० वाहक लागत. उभारणीला १,००० फर्राश, त्यांच्याबरोबर पाणके, सुतार, तंबू शिवणारे, मशालजी, चांभार, झाडूवाले. डेरे दोन संच ठेवत. बादशाह एका डेऱ्यात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. मराठी लष्कराचं सामान याच्यापुढे फार हलकं होतं. सरदाराला राहुटी, शिपायाला पाल. दोन बुटके खांब, वर आडवा बांबू, त्यावर टाकलेलं जाड सुताचं कापड. १८०९ साली ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरला. त्याच्या पत्रांतून कळतं की छावणी हलायची झाली की बिनीवाला पुढे जाऊन पांढरं निशाण रोवायचा आणि त्या निशाणाच्या अंदाजानं प्रत्येक बाजाराची जागा ठरायची. मुक्काम बदलला तरी दुकानांची रांग बदलत नसे. पाल फाटलं तर त्याचं कापड, दोरी, खुंट्या त्या चालत्या बाजारातच मिळत.

मोगली डेऱ्यात आणि पुढे इंग्रजांच्या तंबूत एक गोष्ट होती, जी शिपायाच्या पालात कधीच नव्हती: छपराचे दोन थर. वरचं कापड ऊन आणि पाऊस झेलतं, खाली वीतभर पोकळी सोडून दुसरं कापड ताणलेलं असतं. वरचं कितीही तापलं तरी मधली हवा वाहती राहते आणि आत बसलेल्याच्या डोक्यावर उष्णता उतरत नाही. पावसाचा थेंब वरून झिरपला तरी आतल्या कापडावरून कडेला ओघळतो. या देशातल्या उन्हाचा अनुभव घेतलेल्या लोकांनी शोधलेली ही युक्ती. इंग्रजांनी ती जशीच्या तशी उचलली.

१८१८ साली खानदेश कंपनीकडे आला. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं भिल्लांची पलटण उभी केली. पुढे १८४०च्या दशकात डांगातलं सागवान इंग्रजांनी भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्यानं घेतलं. राजांना वर्षातून एकदा बोलावून ठरलेली रक्कम देण्याचा दरबार भरू लागला. तो डांग दरबार आजही आहव्याला होळीच्या सुमारास भरतो. या सगळ्या कारभाराला तंबू लागत. कलेक्टर, जंगल अधिकारी, मोजणीदार दिवाळीनंतर फिरतीवर निघत ते उन्हाळा लागेपर्यंत. तीही दोन संचांची पद्धत. साहेब न्याहारी करून घोड्यावर बसला की पुढच्या गावी दुसरा तंबू उभा. तंबू ठोकणाऱ्याला खलाशी म्हणत, कारण हे काम मुळात दोर आणि शीड सांभाळणाऱ्या दर्यावर्दी माणसाचं. आणि सामान वाहणारे कोण, तर त्या त्या गावची माणसं. वेठीला धरलेली. गाडी, बैल, कोंबड्या, लाकूडफाटा सगळं गावानं पुरवायचं. दोन थरांच्या छपराचं ओझं नवापूर पट्ट्यातल्या कितीतरी खांद्यांनी वाहिलं, पण त्या छपराखाली झोपायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही.

हे तंबू मिळत कुठं? एक मोठं ठिकाण जबलपूर. १८३७ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं ठगांसाठी उद्योगशाळा काढली. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुलं तिथं तंबू शिवत, गालिचे विणत. रुमालानं गळा आवळणारे हात शिवणीला लागले आणि त्यांच्या तंबूंचं हिंदुस्थानभर नाव झालं. दुसरं ठिकाण कानपूर. एल्गिन मिल १८६०च्या दशकात सुरू झाली आणि कानपुरी तंबू फौजेत, कचेऱ्यांत, शिकारी साहेबांकडे पोचले. मुंबईतला साहेब काळ्या घोड्याला जाई. १८९१ साली आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सनं मुंबईत दुकान थाटलं. घडीची खाट, घडीचं टेबल, कॅनव्हासचा टब, कंदील, जेवणाची पेटी असं सगळं एका छताखाली. इमारतीला तेच नाव आजही आहे. रुरकीच्या सॅपर पलटणीत तयार झालेली एक खुर्ची त्या काळात फार खपली. चार लाकडी पाय, सहा दांड्या, कॅनव्हास आणि चामड्याचे पट्टे. एकही खिळा नाही. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात, कारण सांधे सैल ठेवलेले असतात.

आता पायरीवरच्या त्या घडीची दुसरी शाखा पाहू. ती जमिनीवरून आलेली नाही, समुद्रावरून आली. युरोपातले खलाशी अळशी-भांगेच्या धाग्याच्या जाड शिडाच्या कापडाला डांबर चोपडून डेकवरचा माल झाकत. तेच डांबरी कापड बंदरात उतरलं, गोदामात आलं आणि रेल्वेबरोबर आत शिरलं. तापी व्हॅली रेल्वे १९००च्या सुमारास सुरतेहून खानदेशात पोचली. किलिक निक्सन कंपनी तिची व्यवस्था पाहत होती. उघड्या वाघिणींवरच्या मालावर, कापसाच्या गाठींवर हे कापड टाकलं जाई. मोटार ट्रक आले तेव्हा त्यांच्या पाठीवरही तेच चढलं. फाटलं की ते ट्रकवाल्याच्या कामाचं राहत नसे. मग त्याचे तुकडे बाजारात येत. गरिबाच्या डोक्यावर आलेली पहिली ताडपत्री बहुतेक ठिकाणी अशी दुसऱ्या हाताची असे.

सुती कॅनव्हासचे गुण ज्यांनी वापरलंय त्यांनाच ठाऊक. कोरडं असताना ते श्वास घेतं. पाऊस लागला की सूत फुगतं, विणीतली भोकं बुजतात आणि कापड स्वतःच पाणी अडवतं. मात्र आतून बोट लावायचं नाही. बोट लागलं की त्या ठिकाणाहून धार लागते. मेण किंवा डांबर बसवलेलं कापड चौरस मीटरला अर्धा किलो सहज भरतं. भिजलं की वजन आणखी वाढतं. ओलं घडी करून ठेवलं तर बुरशी आणि वाळवी. त्यावर एकोणिसाव्या शतकात बरेच उपाय निघाले. मॅकिंटॉशनं १८२३ साली दोन कापडांत रबर भरण्याचं पेटंट घेतलं, पण ते उन्हाळ्यात चिकट होई. रबराला गंधकाची प्रक्रिया १८४०च्या दशकात रुळली तेव्हा ते वापरण्याजोगं झालं. विल्सडेनचं हिरवं कॅनव्हास तांब्याच्या क्षारांत बुडवलेलं असे, ते कुजत नसे, वाळवीही लागत नसे. आपल्याकडे १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी बंगाल वॉटरप्रूफ सुरू केलं. त्यांच्या 'डकबॅक' छापाची बरसाती, होल्डॉल आणि जमिनीवर अंथरायची रबरी चादर मराठी घरांतही आली. होल्डॉल रेल्वेच्या प्रवासातला सोबती झाला. पावसात शेतावर जाणाऱ्याच्या डोक्यावर मात्र घोंगडी किंवा पानांचं इरलंच राहिलं.

घोंगडीचा मान वेगळाच आहे. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची, भिजली तरी ऊब देणारी. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ आजही तिच्यावर भरवसा ठेवून फिरतात. घोड्याच्या पाठीवर संसार बांधून ते कळप घेऊन निघतात आणि शेतकऱ्याच्या रानात वाडा बसवतात. कोकरांसाठी प्लास्टिकचा आडोसा आणि माणसांसाठी घोंगडी, असा त्यांचा हिशेब मी पाहिला आहे. त्यांना कुणी मुक्काम करायला शिकवावं अशी गरज नाही.

सह्याद्रीत डोंगर चढणाऱ्या मराठी मंडळींनीही तंबूचा फार बाऊ केला नाही. गडावर लेणं असतं, मंदिर असतं, पडका वाडा असतो, पायथ्याला कुणाची तरी ओसरी असते. वळकटी आणि शिधा घेतला की झालं. मुंबईत १९५४ साली 'गिरिविहार' संस्था निघाली, हिमालयाकडे पावलं वळली, तेव्हा कुठं तंबूची खरी गरज पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामान डिस्पोजलमध्ये विकायला निघालं होतं. किटबॅग, वॉटर बॉटल, जुने तंबू अशा बाजारातून मिळत. दुकानात जाऊन नवा कोरा तंबू विकत घ्यायचा, ही गोष्ट आपल्याकडे अगदी अलीकडची.

पायरीवरची आजची घडी मात्र प्लास्टिकची. १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सीगलर यांना कमी दाबाखाली घट्ट, कडक पॉलिथिन तयार करण्याची रीत सापडली. या कामासाठी त्यांना १९६३चं नोबेल मिळालं. या प्लास्टिकची पातळ फिल्म काढायची, तिच्या अरुंद पट्ट्या कापायच्या, त्या तापवून ताणायच्या आणि मागावर विणायच्या. ताणल्यानं पट्टी कित्येक पटींनी मजबूत होते. विणलेल्या कापडाला दोन्ही बाजूंनी मऊ पॉलिथिनचा लेप द्यायचा, कडेला दोरी घालून दुमडायचं, ठरावीक अंतरावर कड्या ठोकायच्या. झाली ताडपत्री. बाई उन्हासमोर धरते तेव्हा तिला जे ठिपके दिसतात ते पट्ट्यांच्या मधल्या फटी असतात. लेप पातळ असला की त्या फटींतून आधी उजेड येतो आणि सहा महिन्यांनी पाणी. तिची परीक्षा अचूक आहे.

पुढे सुरतेजवळ हजीऱ्याला पेट्रोरसायनांचा मोठा कारखाना उभा राहिला आणि नव्वदच्या दशकापासून हा कच्चा माल घराशेजारीच तयार होऊ लागला. सुप्रीम कंपनीची 'सिल्पोलिन' आली. तिची रीत वेगळी, ती विणलेली नसते. डेन्मार्कच्या ओले-बेंट रासमुसेन यांनी शोधलेल्या पद्धतीनं ताणलेल्या फिल्मचे थर एकमेकांवर तिरके चिकटवलेले असतात, त्यामुळे फाटलं तरी चीर पुढं धावत नाही. आता खेड्यात कुठलीही चांगली ताडपत्री म्हणजे सिल्पोलिन. किंमत उतरली, वजन उतरलं. १२ बाय १८ फुटांची घडी, म्हणजे साधारण २० चौरस मीटर. कॅनव्हासची असती तर दहा किलो. प्लास्टिकची १२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमची असेल तर अडीच किलोच्या आत. इतकं हलकं आणि न गळणारं छप्पर गरिबाला इतिहासात प्रथमच परवडलं. ही लहान गोष्ट नाही. पाचटाच्या आणि गवताच्या आडोशाला अवकाळी पावसात भिजलेल्या पिढ्यांनी याची वाट पाहिली होती.

पण कापड खाली आलं, शिवण आली नाही. हे मला फार खुपतं.

पडावावर ताडपत्री कशी उभी राहते ते पाहा. दोन टोकांना बांबू, मध्ये आडवा बांबू, वर घडी टाकायची, कडा दगडांनी किंवा मातीनं दाबायच्या. आकार थेट शिंद्यांच्या शिपायाच्या पालाचा. थर एकच. जमिनीला दुसरं कापड नाही, असलं तर खताच्या गोण्या उसवून अंथरलेल्या. मागची बाजू जुन्या साडीनं बंद, पुढची उघडी. पौषातल्या पहाटे आत काय होतं? झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेलाभर पाणी वाफ होऊन निघतं. चौघांचं कुटुंब असेल तर जवळपास लिटरभर. सुती कापडातून ही वाफ बाहेर जायची. प्लास्टिकमधून जात नाही. थंड छपराला लागून तिचे थेंब होतात आणि पांघरुणावर पडतात. दंव बाहेर आणि आतही. मग फाल्गुन-चैत्रात तेच एकेरी छप्पर तापतं आणि दुपारी त्याखाली तान्हं मूल झोपवता येत नाही. काळी ताडपत्री जास्त तापते. पण काळ्या रंगातला कार्बन उन्हाचे घातक किरण शोषून घेतो, म्हणून ती टिकतेही जास्त. टिकाऊपणा आणि गारवा यांतलं एकच निवडायचं, अशी वेळ बाईवर पायरीशीच येते.

या सगळ्यावरचे उपाय निदान दीडशे वर्षं माहीत आहेत. एडवर्ड व्हिंपर हा आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा चढलेला इंग्रज. त्यानं १८६०च्या दशकात तंबूची जमीन भिंतींना शिवून टाकली. त्यामुळे खालून ओल नाही, वारा नाही, विंचू-साप नाही. दोन थर तर मोगलांपासूनचे. आजही सरकारी खरेदीत 'ईपीआयपी' नावाचा तंबू मागवला जातो. चौदा फूट बाय चौदा फूट, दोन थरांचा. ही आद्याक्षरं युरोपियन शिपायांच्या काळातली आहेत. पूर आला, भूकंप झाला की असे तंबू लागतात. म्हणजे एका थराखाली माणसानं राहू नये हे सरकारला ठाऊक आहे.

सुरतेच्या मोठ्या खेळसाहित्याच्या दुकानात जा. नवापूरहून रेल्वेनं किंवा महामार्गानं शंभर-सव्वाशे किलोमीटर. डेकॅथलॉनसारख्या दुकानात तंबू आत उभा करून ठेवलेला असतो, बूट काढून आत बसता येतं. बाहेरचं पाणी अडवणारं कापड, आत जाळी, मध्ये पोकळी, तळाला शिवलेली जमीन, वर झरोका. २००५ साली या कंपनीनं हवेत भिरकावला की उघडणारा तंबू काढला आणि जगभर तो खपला. सुरतेची, नाशिकची पोरं असे तंबू घेऊन डांगात, सापुताऱ्याला, तोरणमाळला जातात. जावंच. महालच्या किंवा किलाडच्या जंगलातली रात्र कुणाच्याही आयुष्यात असावी. त्यांनीही थोडं पारखून घ्यावं. पावसाळी सहलीला बाहेरचं कापड निदान दोन हजार मिलिमीटर पाण्याचा दाब सोसणारं हवं, शिवणींवर पट्टी चिकटवलेली हवी. आणि जमिनीवर टाकायला नवापुरातली ताडपत्री घ्या, वेगळ्या नावानं विकली जाणारी महागडी चादर नको. तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान कापा, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावर साचून आत येतं.

नवापुरात घडी घेताना तीन-चार गोष्टी पाहाव्यात. वेष्टनावर लिहिलेल्या जाडीवर विसंबू नका, तराजूवर टाका. १२ बाय १८ची २०० जीएसएमची घडी चार किलो भरली पाहिजे. तीन भरली तर ती दीडशेची आहे. 'आयएस ७९०३' ही भारतीय मानकाची खूण पाहा, विणलेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीला ती लागू आहे. कडेची दोरी ओढून पाहा. ती कोपऱ्यात सलग फिरलेली असावी, तुकड्यांची नसावी. कडी हातानं फिरली तर वाऱ्यात ती उपटणार. उन्हाला टिकण्याचं रसायन घातलंय का, ते विचारा. दोन हंगामांची गोष्ट असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणि शिवणारी माणसं इथंच आहेत. महामार्गालगत ट्रकची ताडपत्री, रिक्षाचं हुड, जीपच्या गाद्या शिवणारे कारागीर बसलेले असतात. जाड सुई, नायलॉनचा दोरा, कडी ठोकायचं यंत्र सगळं त्यांच्याकडे असतं. आतला थर सुती किंवा शेडनेटचा, बाहेरचा प्लास्टिकचा, मध्ये वीतभर जागा, तळाला शिवलेली गोणपाटाची जमीन, टोकाला झरोका, पुढे-मागे पडदे. हे त्यांच्यापैकी कुणालाही दोन दिवसांत जमेल. साखर कारखान्याच्या एका हंगामाच्या खर्चात अशा पालांची रक्कम शोधावी लागेल इतकी ती लहान असेल.

ही मागणी भीक नव्हे. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं मजुरांना राहण्याची योग्य सोय करून देणं ठेकेदारावर बंधनकारक केलं होतं. आता तो कायदा २०२०च्या कामगार संहितेत सामावला आहे. केंद्राच्या १९८०च्या नियमांनी तर मोजमापही लिहून दिलं होतं. कुटुंबासह आलेल्या मजुराला निदान १० चौरस मीटरची खोली, पुढे पडवी, स्वयंपाकाला झाकलेली जागा, तीन घरांमागे एक संडास आणि एक न्हाणीघर. नवापूरच्या माणसाला हा कायदा कसा लागू होत आला, ते स्टेशनावर उभं राहिलं की दिसतं. १९६० साली १ मे रोजी मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि सीमा या फलाटामधूनच गेली. एकाच फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. घडी खांद्यावर टाकून सुरतेच्या गाडीकडे चार पावलं चाललं की मजूर आंतरराज्य झाला.

पडावावर मोजपट्टी धरून पाहता येईल. १२ बाय १२ची ताडपत्री मधोमध दुमडली तर दोन्ही उतार सहा-सहा फुटांचे. मधली उंची चार फूट ठेवली तर खाली रुंदी मिळते नऊ फूट, म्हणजे जमिनीचं क्षेत्र त्या नियमांतल्या दहा चौरस मीटरच्या आसपास जातं, पण आत कुणालाही उभं राहता येत नाही. उंची पाच फूट केली तर रुंदी साडेसहा फुटांवर येते आणि तरीही बाईला वाकूनच चालावं लागतं. चूल तर बाहेरच.

ऊसतोडीचे करार पावसाळ्यात होतात. मुकादम तेव्हाच गावोगाव फिरतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम तेव्हाच हातात पडते, कोयते तेव्हाच ठरतात. आषाढ-श्रावणात त्या बोलण्यात टनाच्या दराबरोबर पालाचंही नाव निघालं पाहिजे. दोन थर, शिवलेली जमीन, सहा फूट उंची. दसऱ्यापर्यंत थांबलं तर पुन्हा पायरीवरची घडीच पदरात पडते, तीही उचलीतल्या पैशातून.